गॉलचे गाव कोणी वसवले?

१९६१ साली ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच चित्रकथामालिकेचा पहिला अल्बम पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याच्या ६,००० प्रती छापल्या होत्या. १९६७ येईपर्यंत नव्या अल्बमची पहिली आवृत्ती दहा लाखांच्या वर गेली होती. २०२३ मध्ये निघालेल्या चाळिसाव्या अल्बमच्या जगभरात मिळून सुमारे ५० लाख प्रती छापल्या गेल्या आणि मालिकेचा आजवरचा एकूण खप ३८ कोटींच्या पुढे आहे, तोही शंभराहून अधिक भाषा आणि बोलींत. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही चित्रकथेला हे जमलेले नाही, टिनटिनलाही नाही. या यशाचे कारण विचारले की बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: फ्रेंचांचा राष्ट्राभिमान. इसवी सनापूर्वी ५० हे वर्ष, सगळ्या गॉलवर, म्हणजे प्राचीन फ्रान्सवर, रोमनांचा कब्जा, पण समुद्रकाठचे एक चिमुकले गाव काही केल्या शरण जात नाही. महायुद्धात चार वर्षे जर्मनांच्या टाचेखाली काढलेल्या देशाला ही गोष्ट आवडणारच, असा हा तर्क. तो ऐकायला पटतो आणि म्हणूनच फारसा कोणी तपासत नाही. तपासला तर हाती वेगळेच येते. ॲस्टेरिक्सची लोकप्रियता ही मुळात एका संहितेची कमाई आहे, कसून लिहिलेल्या विनोदी नाटकाची, आणि त्या नाटकात सर्वांत जास्त थट्टा झाली आहे ती फ्रेंचांचीच. हे नाटक लिहिणारा माणूस १९७७ मध्ये गेला. त्यानंतर मालिकेचे जे झाले, तो या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

राष्ट्राभिमानाच्या तर्काची पहिली अडचण अशी की १९५९ पर्यंत, म्हणजे मालिका सुरू होईपर्यंत, गॉलांचा वापर सगळ्यांनीच करून घेतला होता. गॉलांचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स इसवी सनापूर्वी ५२ मध्ये अलेझिया येथे सीझरला शरण गेला. पुढची कित्येक शतके त्याची आठवण काढण्याची कोणाला गरज पडली नाही. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या नेपोलियनला ती पडली. त्याने उत्खनन करवले आणि १८६५ मध्ये त्या रणभूमीवर सेनानीचा भव्य पुतळा उभा केला. त्यानंतरच्या प्रजासत्ताकाने ‘आपले पूर्वज गॉल’ हा धडा शाळाशाळांतून घोकून घेतला, इतका की वसाहतींतल्या आफ्रिकन मुलांनाही तो चुकला नाही. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये मार्शल पेताँने, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारच्या प्रमुखाने, गेर्गोव्हियाच्या पठारावर देशाच्या कानाकोपऱ्यातली माती गोळा करून राष्ट्रीय एकतेचा सोहळा साजरा केला. गेर्गोव्हिया म्हणजे व्हर्सिंजेटोरिक्सने सीझरला मागे रेटले ती जागा. तेव्हा महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये गॉल हे प्रतिकाराचे निष्कलंक प्रतीक होते, असे म्हणायला जागा नाही. सम्राट, प्रजासत्ताक आणि शत्रूशी तडजोड केलेले सरकार, तिघांच्याही भाषणांत वापरून गुळगुळीत झालेला तो विषय होता. अशा विषयाची भक्ती करणे अवघड, पण टवाळी करायला तो उत्तम.

विषय निवडला गेला तो तरी अभिमानापोटी होता का? तेही नाही. त्या काळात फ्रेंच मुलांच्या हाती पडणारी चांगली साप्ताहिके बेल्जियमची होती, ‘स्पिरू’ आणि ‘टिनटिन’. १९४९ च्या एका कायद्याने मुलांसाठीच्या प्रकाशनांवर सरकारी देखरेख आणली होती आणि अमेरिकी कॉमिक्सची आवक त्यामुळे रोडावली होती. चित्रकथा लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांना मात्र या बाजारात किंमत नव्हती. पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, हक्क एजन्सीचे किंवा प्रकाशकाचे, आणि लेखकाचे तर नावसुद्धा अनेकदा छापले जात नसे. १९५६ मध्ये लेखक रेने गोसिनी, चित्रकार अल्बेर उदेर्झो आणि लेखक जाँ-मिशेल शार्लिए या तिघांनी या हक्कांसाठी सहकाऱ्यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला. म्होरक्या म्हणून गोसिनीला एजन्सीने काढून टाकले आणि दुसरे दोघे त्याच्या पाठोपाठ बाहेर पडले. स्वतःच्या बळावर काहीतरी उभे करायचे या गरजेतून पुढे ‘पिलोत’ हे साप्ताहिक निघाले. रेडिओ लक्झेम्बर्गने त्याला पाठबळ दिले आणि पहिला अंक २९ ऑक्टोबर १९५९ रोजी बाजारात आला. त्या अंकासाठी अस्सल फ्रेंच मातीतली एक मालिका हवी होती. गोसिनी आणि उदेर्झो यांनी आधी मध्ययुगातल्या रनार नावाच्या कोल्ह्याच्या कथा घेतल्या होत्या, पण दुसऱ्या एका चित्रकाराने त्या आधीच केल्या असल्याचे कळले. अंक निघायला जेमतेम दोन महिने उरले होते. पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील सरकारी वसाहतीत उदेर्झोचे घर होते. तिथे बसून दोघांनी फ्रान्सचा इतिहास अश्मयुगापासून चाळायला घेतला आणि गॉलांपाशी येऊन ते थांबले. उदेर्झोला धिप्पाड योद्धा नायक हवा होता, गोसिनीला बुटका आणि डोकेबाज. बुटका नायक ठरला आणि उदेर्झोचा धिप्पाड गडी त्याचा सोबती झाला. ओबेलिक्सचा जन्म असा तडजोडीतून झाला आहे. थोडक्यात, या राष्ट्रीय महाकाव्याच्या मुळाशी कामगारांची एक फसलेली चळवळ आणि एक चुकलेली निवड आहे.

दोघांची जन्मकथाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. उदेर्झो १९२७ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या फिम गावी इटालियन आईबापांच्या पोटी जन्मला, आणि फ्रेंच नागरिकत्व त्याला मिळाले १९३४ मध्ये. गोसिनी १९२६ मध्ये पॅरिसला जन्मला खरा, पण त्याचे आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, आणि तो दोन वर्षांचा असतानाच वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब अर्जेंटिनाला गेले. फ्रान्स त्याने पाहिला तो बुएनोस आयरेसमधल्या फ्रेंच शाळेच्या पुस्तकांतून आणि सुट्टीतल्या भेटींतून. ‘आपले पूर्वज गॉल’ हे वाक्य तिथे बसून वाचणाऱ्या ज्यू मुलाला त्यातली गंमत वेगळी सांगावी लागली नसेल. महायुद्धात आईकडचे काही नातेवाईक नाझी छळछावण्यांत मारले गेले. १९४३ मध्ये वडील वारले आणि १९४५ मध्ये तो आईबरोबर न्यूयॉर्कला गेला. तिथे बेकारीचे दिवस काढत असताना हार्वी कर्ट्झमनच्या स्टुडिओत त्याची उठबस झाली. याच कर्ट्झमनने १९५२ मध्ये ‘मॅड’ हे नियतकालिक सुरू करून अमेरिकी विनोदाला नवी धार दिली. म्हणजे फ्रेंचपणाची सगळ्यांत खपलेली प्रतिमा घडवली ती इटालियन गवंडीकामगारांच्या वर्गातून आलेल्या एका चित्रकाराने आणि दक्षिण अमेरिकेत वाढून न्यूयॉर्कमध्ये विनोद शिकलेल्या एका ज्यू लेखकाने, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यातले ‘गवंडीकामगार’ हे विशेषण मोहाचेच, उदेर्झोचे वडील सुतारकाम करीत. पण बाकी सारे खरे आहे. परके म्हणून त्यांनी फ्रेंचांकडे तुच्छतेने पाहिले असे मात्र नव्हे. जवळ यायची ओढ असलेला माणूस घरातल्या माणसापेक्षा बारकाईने पाहतो, तसे हे पाहणे आहे.

आता संहितेकडे येऊ. गोसिनी पानाचे दोन भाग करून टंकलेखन करी. एका बाजूला चौकटीत काय दिसायला हवे त्याचे वर्णन, दुसऱ्या बाजूला संवाद. कोण कुठे उभा आहे, मागे काय चालले आहे, नजर कुठे आहे, सगळे लिहिलेले असे. पण खरा कस कथेच्या बांधणीत आहे. ॲस्टेरिक्सच्या जगात एक विलक्षण गोष्ट पहिल्याच पानावर सांगून टाकलेली असते: गावाकडे जादूचा काढा आहे, तो प्यायला की कोणीही रोमन तुकडीला लोळवू शकतो. साहसकथेच्या दृष्टीने ही आत्महत्याच. कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असेल तर उत्कंठा उरतेच कुठे? गोसिनीने ती मुद्दाम मारली. जिंकण्या-हरण्याचा प्रश्न निकालात निघाल्यावर चव्वेचाळीस पाने भरायची कशाने, तर माणसांच्या स्वभावाने. शिळ्या माशांवरून लोहार आणि मासेविक्याची जुंपते आणि त्यात सारा गाव उतरतो. ढालीवरून मिरवायची हौस असलेला गावप्रमुख बायकोपुढे गप्प होतो. कवीला गाता येत नाही हे त्याला सोडून सर्वांना माहीत असते. रोमन शिपाई काही क्रूर साम्राज्याचे दूत नाहीत, ते बदलीला कंटाळलेले नोकरदार आहेत. अशा ठरलेल्या पात्रांच्या संचातून, ठरलेल्या क्रमातून दर वेळी नवी गंमत काढणे हे फार्स लिहिणाऱ्याचे कसब आहे. त्यात साप्ताहिकाची शिस्त आली. दर आठवड्याला एक-दोन पानेच छापली जायची, म्हणून प्रत्येक पान आपल्यापुरते रंगले पाहिजे आणि शेवटच्या चौकटीत पुढच्या आठवड्याची ओढ राहिली पाहिजे. मुलाला हाणामारी दिसते, बापाला संसद दिसते, आजोबांना लॅटिनच्या तासाची आठवण होते. एकाच पानावर तिघांचे भागते, आणि कौटुंबिक खपाचे गणित इथेच सुटते.

टवाळी कोणाची, हेही पाहू. १९६८ च्या ‘चीफ्टन्स शील्ड’मध्ये गावप्रमुख अतिखाण्याने बिघडलेले यकृत सुधारायला औषधी पाण्याच्या झऱ्यांवर जातो. ते झरे विशीचे. त्याला सोबत करणारे ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्स आसपासच्या मुलखात हिंडतात, तेव्हा गेर्गोव्हियाच्या विजयाबद्दल प्रत्येकजण भरभरून बोलतो, पण अलेझियाचे नाव काढले की एरवी हसतमुख असलेली माणसे पिसाळतात. असे ठिकाण कुठे आहे हेच त्यांना माहीत नसते. १९६८ मध्ये फ्रान्सने पराभव आणि विशी या दोन्ही गोष्टी सार्वजनिक आठवणीतून जवळपास पुसल्या होत्या. नेमक्या त्याच मुलखात, त्याच पाण्याच्या काठी ही कथा घडते, आणि ती लिहिणाऱ्याच्या घरातली माणसे छावण्यांत मेली होती. याला राष्ट्राभिमान म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. १९७१ च्या ‘मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’मध्ये सीझर तलवार बाजूला ठेवतो आणि जंगल तोडून गावाशेजारी रोमन मध्यमवर्गासाठी आलिशान गृहसंकुल बांधायला घेतो. पॅरिसभोवती त्या वेळी अशीच संकुले उठत होती. शूर गावकरी काय करतात? भाव वाढवतात, आणि ज्याच्या त्याच्या दारात जुन्या वस्तूंचे आणि माशांचे दुकान उभे राहते. १९७४ च्या ‘सीझर्स गिफ्ट’मध्ये एक बाहेरचे कुटुंब गावात राहायला येते, तर म्हातारा जेरियाट्रिक्स, आपल्याला परक्यांचे वावडे नाही पण हे परके इथले नाहीत, अशा थाटाचे तर्कशास्त्र ऐकवतो. आणि १९७६ चा ‘ओबेलिक्स अँड को.’ तर अर्थशास्त्राच्या वर्गात लावावा. रोमहून आलेला एक तरुण अर्थतज्ज्ञ, ज्याचा चेहरा तेव्हाच्या झाक शिराकचा आहे, गॉलांना पैशाने बिघडवायचे ठरवतो आणि मेन्हिर नावाच्या निरुपयोगी उभ्या शिळा चढत्या भावाने विकत घेऊ लागतो. सारा गाव शिळा घडवू लागतो, ओबेलिक्स भडक कपडे घालून शेठ बनतो, रोममधले शिळा-कारागीर संप करतात आणि शेवटी कोसळते ते रोमन चलन. मागणी कशी निर्माण केली जाते, यावर इतके नेमके आणि इतके हसवणारे भाष्य त्या दशकात दुसऱ्या कोणी केले असेल तर ते वाचायला आवडेल. मराठी वाचकाला ही जात ओळखीची वाटावी. ‘बटाट्याची चाळ’ ज्या जिव्हाळ्याने आपल्याच माणसांचे वाभाडे काढते, तीच नजर इथे आहे.

यावर आक्षेप येतो तो असा: लेखकाने काहीही लिहिले असो, लोकांनी वाचले ते अभिमानानेच. फ्रान्सने २६ नोव्हेंबर १९६५ रोजी आपला पहिला उपग्रह सोडला, त्याला ॲस्टेरिक्सचे नाव मिळाले. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये ‘लेक्सप्रेस’ या वजनदार साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ॲस्टेरिक्स छापला. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांचा काळ होता, अमेरिकेपासून अंतर राखण्याचे राजकारण चालू होते. हे सगळे खरे, आणि फ्रान्सपुरता या अभिमानाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण फ्रान्सबाहेर काय घडले, यावर हा आक्षेप गप्प आहे. ॲस्टेरिक्सला खरोखरच राष्ट्रवादी बनवण्याचे प्रयोग झाले होते, आणि ते फ्रेंचांनी केले नव्हते. १९६५ मध्ये पश्चिम जर्मनीत रोल्फ काउका या प्रकाशकाने या कथा घेतल्या आणि नायकांचे ‘सिगी’ आणि ‘बाबारास’ असे जर्मन वीर करून टाकले. गाव ऱ्हाइनकाठी नेले, संवादांत शीतयुद्ध आणि पूर्व जर्मनीविरोधी राजकारण घातले. मूळ लेखकांना हे कळताच त्यांनी परवानगी काढून घेतली. त्याआधी, १९६३ मध्ये, ब्रिटनच्या ‘व्हॅलियंट’ साप्ताहिकाने नायकांना प्राचीन ब्रिटिश ठरवून त्यांची नावे लिटल फ्रेड आणि बिग एड अशी ठेवली होती. तेही फार चालले नाही. १९६८ पासून जर्मनीत आणि १९६९ पासून इंग्लंडमध्ये हेच अल्बम गॉलांना गॉल ठेवून, पण विनोद त्या त्या भाषेत नव्याने रचून निघाले, आणि जर्मनी पुढे फ्रान्सबाहेरची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. फ्रेंच शौर्याची गाथा जर्मनांनी कोट्यवधींच्या संख्येने विकत घेतली, हे राष्ट्राभिमानाच्या सिद्धान्तात बसवून दाखवावे. इंग्लंडमध्येही तेच. ‘ॲस्टेरिक्स इन ब्रिटन’मध्ये ब्रिटन लोक लढाई ऐन रंगात असताना संध्याकाळी पाच वाजता गरम पाणी प्यायला थांबतात आणि शनिवार-रविवारी लढतच नाहीत. ज्यांची ही थट्टा, त्यांनाच तो अल्बम अतिशय प्रिय आहे. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज या अनुवादकांचे त्यात मोठे श्रेय आहे, पण अनुवादकाला नव्याने रचण्याजोगा विनोद मुळात असावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चित्रकथेत चित्रे दुय्यम कशी? ती दुय्यम नाहीत. रंग ओळखण्यात अडचण असलेल्या या चित्रकाराच्या रेषेत जी गती आहे, ती युरोपात क्वचितच कोणाला साधली. गर्दीच्या चौकटीत शंभर रोमन उडाले तर शंभरांचे चेहरे वेगळे. ओबेलिक्सचे वजन आणि त्याच्या पायांचा हलकेपणा एकाच आकृतीत मावतो. उदेर्झोशिवाय हे गाव दिसलेच नसते. मात्र कोणाचा वाटा निर्णायक, हे ठरवायला सुदैवाने तुलनेची सोय आहे. ‘लकी ल्यूक’ ही काउबॉयची मालिका मॉरिस या बेल्जियन चित्रकाराने १९४६ पासून एकट्याने चालवली होती. ती बरी होती. १९५५ पासून गोसिनी ती लिहू लागला. चित्रकार तोच, नायक तोच, घोडा तोच, पण डाल्टन बंधूंचा मूर्खपणा, पश्चिम अमेरिकेच्या दंतकथांची पद्धतशीर थट्टा आणि मालिकेचा खरा नावलौकिक या काळातला आहे. साँपेच्या चित्रांसह ‘ल पती निकोला’ या शाळकरी मुलाच्या गोष्टी त्यानेच लिहिल्या, ताबारीबरोबर खलिफाची गादी बळकावू पाहणारा वजीर इझनोगूद त्यानेच उभा केला. चार वेगळे चित्रकार, चार वेगळ्या शैली, चारही मालिका गाजल्या. त्यांच्यातला समान धागा एकच माणूस आहे. शिवाय १९६३ पासून त्याने ‘पिलोत’चे संपादन केले, गोत्लिब, काबू, क्लेर ब्रतेशे अशा नव्या माणसांना जागा दिली आणि संहितालेखकाचे नाव छापले जाणे हा शिरस्ता केला. अंगुलेमच्या महोत्सवात चित्रकथांच्या संहितालेखकाला दिला जाणारा पुरस्कार आज त्याच्या नावाने आहे. हक्क मागितले म्हणून ज्याला नोकरीवरून काढले, त्याच गोसिनीला मे १९६८ मध्ये ‘पिलोत’च्या तरुण चित्रकारांनी मालकांचा माणूस म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ही जखम तो शेवटपर्यंत विसरला नाही, असे त्याचे सहकारी सांगत.

५ नोव्हेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये हृदयाची ताण-चाचणी चालू असताना गोसिनीचा मृत्यू झाला. वय ५१. ‘ॲस्टेरिक्स इन बेल्जियम’ अर्धवट होता. लिहून पूर्ण झाला होता, चित्रे उरली होती. प्रकाशक दार्गो यांच्याशी परदेशी हक्कांवरून वाद पेटल्यामुळे गोसिनीने उदेर्झोला काम थांबवायला सांगितले होते. न्यायालयाच्या आदेशाने उदेर्झोला ते पूर्ण करावे लागले. त्याने उरलेल्या पानांवर आकाश काळवंडलेले दाखवले आणि पाऊस सुरू केला, तो अखेरच्या मेजवानीपर्यंत. १९७९ मध्ये दोघांच्या पहिल्या नावांवरून त्याने ‘अल्बेर रेने’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९८० पासून लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः करू लागला. १९५६ मध्ये मागितलेला हक्क अखेर हाती आला होता, फक्त तो मागणारा उरला नव्हता.

पुढच्या अल्बममध्ये रेषा अधिकच सफाईदार झाली आणि विनोद पातळ होत गेला. भारतीय वाचकाला याचा पडताळा घरबसल्या घेता येतो, कारण १९८७ चा ‘ॲस्टेरिक्स अँड द मॅजिक कार्पेट’ भारतात घडतो. गंगेच्या खोऱ्यातल्या एका राज्यात पाऊस नाही, १००१ तासांत तो पडला नाही तर राजकन्येचा बळी जाणार, म्हणून उडत्या गालिच्यावरून आलेला फकीर गावच्या बेसूर कवीला घेऊन जातो, कारण त्याने गायला तोंड उघडले की आभाळ कोसळते. वाटेत कवीचा आवाज बसतो आणि तो परत यावा म्हणून त्याला हत्तीचे दूध, शेण आणि केस यांच्या मिश्रणात बसवतात. कल्पना गमतीची आहे, चित्रे देखणी आहेत, पण भारत कुठे आहे? गालिचा आणि १००१ आकडा अरबी-फारसी कथांचा, वजीरासारखा कपटी गुरू, वाघ, हत्ती, फकीर. ब्रिटनची थट्टा करताना गोसिनीने ब्रिटिशांची नेमकी लकब पकडली होती, स्वित्झर्लंडमध्ये स्वच्छतेचे वेड आणि बँकांची तिजोरी, कॉर्सिकामध्ये मानापमानाचे वेड. त्या त्या लोकांना आरशात पाहिल्यासारखे वाटावे, असे ते होते. भारतीय माणसाला या अल्बममध्ये आपली एकही खोड सापडत नाही, म्हणून त्याला त्याचा रागही येत नाही आणि हसूही. २००५ च्या ‘फॉलिंग स्काय’मध्ये तर परग्रहावरचे लोक उतरले आणि समीक्षकांनी उदेर्झोला झोडपून काढले.

इथे तिसरा आक्षेप ठरलेला आहे: संहिता एवढी निर्णायक, तर लेखकाच्या मृत्यूनंतर खप घटायला हवा होता, तो तर वाढला. आकडे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे आहेत, अर्थ मात्र नाही. १९७९ नंतरचा प्रत्येक नवा अल्बम गोसिनीने लिहिलेल्या चोवीस अल्बमच्या पुण्याईवर विकला गेला. लहानपणी ते वाचलेली मुले आईबाप झाली आणि नवा अल्बम ही घरातली सवय झाली. तोवर मालिका कागदापुरती राहिली नव्हती. ३० एप्रिल १९८९ रोजी पॅरिसच्या उत्तरेला प्लायी येथे ॲस्टेरिक्सचे उद्यान सुरू झाले, पॅरिसच्या डिस्नीलँडच्या तीन वर्षे आधी. १९९९ पासून जेरार द्पार्द्यूला ओबेलिक्स बनवून चित्रपट निघाले. २०१० मध्ये सारा गाव मॅकडोनल्डमध्ये मेजवानी झोडतो अशी जाहिरात आली आणि फ्रान्समध्ये गहजब झाला. २००८ मध्ये उदेर्झो आणि गोसिनीची मुलगी आन यांनी ‘अल्बेर रेने’मधला आपला वाटा ‘आशेत’ या बलाढ्य प्रकाशनसमूहाला विकला, तेव्हा उदेर्झोच्या स्वतःच्या मुलीने ‘ल मोंद’मध्ये लेख लिहून वडिलांनी गॉलच्या गावाची दारे रोमन साम्राज्याला उघडून दिली, अशा अर्थाचा आरोप केला. बापलेकीत कोर्टबाजी झाली, ती २०१४ मध्ये मिटली. खप टिकवायला सवय, उद्यान आणि वितरण पुरेसे असते. प्रश्न मुळात खप उभा कसा राहिला, हा आहे. खपाच्या आकड्यांपेक्षा चित्रपट इथे जास्त बोलके आहेत. २००२ चा ‘मिशन क्लिओपात्रा’ आलँ शाबा या विनोदी लेखक-दिग्दर्शकाने केला, गोसिनीच्या संहितेवर आणि त्याच्याच वृत्तीने. एकट्या फ्रान्समध्ये १ कोटी ४० लाखांहून अधिक तिकिटे खपली. २०२३ मध्ये प्रचंड पैसा ओतून चीनमध्ये घडणारी नवीच कथा पडद्यावर आणली, ती ५० लाखांपर्यंतही पोचली नाही. पात्रे तीच, उद्यान तेच, जाहिरात अधिक.

अमेरिकेत ही मालिका कधीच रुजली नाही, हा मुद्दा माझ्या म्हणण्याविरुद्ध अनेकदा पुढे केला जातो. संहिता सार्वत्रिक असेल तर न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या लेखकाची कला तिथेच का अडली? कारण विनोदाला वाचकाच्या मनात काहीतरी आधी साठलेले लागते. युरोपातल्या शाळांत सीझर आणि लॅटिन होते. अमेरिकी मुलाच्या मनात ती अडगळ नव्हती, आणि त्याची कॉमिक्स वर्तमानपत्रात किंवा पातळ मासिकांत येत, पुठ्ठ्याच्या बांधणीचे अठ्ठेचाळीस पानी पुस्तक ठेवायला तिथे दुकानात जागाच नव्हती. संहितेलाही मर्यादा असतात. त्यातल्या काही तर लाजिरवाण्या आहेत. चाच्यांच्या जहाजावरचा काळा टेहळ्या जाड ओठांचा आणि बोबडा, बायका भांडकुदळ किंवा नटव्या, ही त्या काळाची सवय होती, असे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण याच लेखकाने दुसऱ्या सवयींना रंगेहाथ पकडले होते. परक्यांबद्दलचा दांभिकपणा ज्याला ऐकू येत होता, त्याला हे दिसायला हवे होते. १९९१ च्या ‘सीक्रेट वेपन’मध्ये उदेर्झोने स्त्रीमुक्तीवर जी शेरेबाजी केली, ती तर आणखी मागे जाणारी आहे.

शेवटी मालकांनीही काय मान्य केले, ते त्यांच्या कृतीतून दिसते. उदेर्झोने २०११ मध्ये निवृत्ती घेतल्यानंतर वारस म्हणून एक चित्रकार निवडला नाही, जोडी निवडली: लेखक जाँ-इव्ह फेरी आणि चित्रकार दिदिए कॉनराद. २०१३ पासून त्यांचे पाच अल्बम आले आणि समीक्षकांचा सूर बराच निवळला. फेरी बाजूला झाल्यावर २०२३ च्या ‘व्हाइट आयरिस’साठी फाबकारो हा विनोदी लेखक आणला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ चा लुझिटानियातला अल्बमही त्याचाच. बाजार रेषा आता शिकवून घेऊ शकतो, कॉनरादच्या पानावरून नजर फिरवणाऱ्याला फरक कळणेही अवघड आहे. लेखक मात्र दर वेळी शोधावा लागतो. उदेर्झो २४ मार्च २०२० रोजी, ९२ व्या वर्षी गेला.

आपल्याकडे ही पुस्तके बहुधा इंग्रजीतूनच हाती येतात आणि दुकानात चाळीसेक अल्बम एकाच रुबाबात मांडलेले असतात. मुखपृष्ठावर दोघांची नावे सगळीकडे दिसतात, त्यावर जाऊ नका, क्रमांक पाहा. पहिले चोवीस गोसिनीचे. त्यातही पहिला घेऊ नका, तो कच्चा आहे. सतरावा, ‘मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’, आधी वाचा, मग अकरावा, ‘चीफ्टन्स शील्ड’, मग तेविसावा, ‘ओबेलिक्स अँड को.’ घरातल्या मुलांनी भारतातला अठ्ठाविसावा मागितला तर जरूर द्या, पण हे तीन झाल्यावर.